सुंदरआत्यानं सोडलेलं औषध

"मेली न्हाई ती! आरं मेली न्हाई, नाचायलीय माझ्या घडावर! हे बघ, हे बघ की डोळं फाडून!"

माजलगावच्या मोंढ्यात गणपतशेठच्या औषधांच्या दुकानात सुंदरआत्या ओरडत होती आणि गिऱ्हाइकं भिंतीला पाठ लावून उभी होती. आत्याच्या हातात द्राक्षाचा घड होता. द्राक्षाचा आहे हे मला आधीच माहीत होतं म्हणून बरं. परक्याला वाटलं असतं, बाईनं पिठाच्या गिरणीतून काहीतरी उचलून आणलंय. मणी दिसतच नव्हते, वर नुसती पांढरी पिठी. हीच ती भुरी. ढगाळ गार हवा पडली की वेलीवर चढणारी बुरशी. पानाला लागली तर पान वाकडं होतं, घडाला लागली तर मणी तडकतात, आणि बागाईतदाराच्या डोक्याला लागली तर हे असं मोंढ्यात येऊन ओरडणं होतं.

'ओरडणं' हा शब्दही तिच्या बाबतीत थिटाच. ती बांधावरून नवऱ्याला जेवायला हाक मारायची तेव्हा पलीकडच्या वस्तीवरची माणसंसुद्धा हात धुवायला उठायची. धरणावरचे बगळे उडायचे असं मी म्हणालो तर तुम्ही म्हणाल, हा थापा मारतो. मी थापा मारत नाही. खऱ्या गोष्टीला मी जरा पाणी देतो, एवढंच. ती वाढली तर तो जमिनीचा गुण.

गणपतशेठनं हात जोडले. "आत्या, दम धरा की जरा. तुमी नेलतं ते आता जुनं झालं. भुरीनं वळखलं त्याला. हे नवीन आलंय बघा, लई भारी हाय." आणि त्यानं फळीवरून जांभळ्या झाकणाची एक बाटली काढली.

आत्याचा आवाज तिथंच खाली बसला. तिनं बाटली घेतली, पदराखाली लपवली, आजूबाजूला बघितलं. मी ठिबकच्या नळीचे जोड घ्यायला आलो होतो, कोपऱ्यात उभा होतो. तिची नजर माझ्यावर अडकली.

"तू काय बघितलंस रं?"

"काय न्हाई आत्या."

"हां. काय न्हाईच बघितलंस."

पदराखाली बाटली लपवण्यात तिचं काही चुकलं होतं असं समजू नका. आमच्या शिवारात ती रीतच होती. द्राक्षाच्या बागा असलेली आम्ही सातच घरं, आणि सातही घरांत एकमेकांपासून सगळ्यात जास्त काय लपवलं जात असेल, तर फवारणीचं औषध. सोयरिकीची बोलणी चावडीवर व्हायची, पण औषधाचं नाव बायकोलाही सांगायचं नाही. फवारायचं भल्या सकाळी. बाटलीवरचं लेबल खरवडून टाकायचं. रिकामी बाटली पुरायची, नाहीतर कडब्याच्या गंजीत खोल खुपसायची. शेजाऱ्याची बाग हिरवीगार दिसली की आपण त्याच्या बांधाला सहज म्हणून चक्कर मारायची आणि नाकानं वास घेत परत यायचं. आत्याच्या पंपात काय आहे असं मी एकदा विचारलं, तर म्हणाली, "ओव्याचा काढा हाय. वेलीला वात झालाय."

नात्यानं ती माझी कुणी नव्हती. गावची लेक म्हणून सगळ्यांची आत्या. बापाला ती एकटी, म्हणून जमीन तिची, आणि भगवानमामा घरजावई. मामा बोलायचे कमी. म्हणजे किती कमी, तर त्यांच्या लग्नात भटजींनी त्यांच्याकडून जे काही वदवून घेतलं तो त्यांच्या उभ्या जन्मातला सगळ्यात मोठा संवाद असावा. बाकीचं सगळं आत्या बोलायची, दोघांच्या वाट्याचं.

पातळावर मामांचा जुना फुलबाह्यांचा शर्ट, डोक्याला घट्ट बांधलेलं फडक्याचं टापर, कमरेला छाटणीची कात्री. अशी ती बागेत शिरायची आणि वेलींशी भांडायची. "तुला काय झालं तोंड पाडायला? पाणी दिलं की काल." मग पुढच्या वेलीला, "हिचं बघ, शाणी हाय." तिचं एक म्हणणं होतं. "लोक म्हणत्यात बाग लेकरावानी संभाळावी. काय न्हाई. बाग म्हंजी सासू हाय. रोज जाऊन विचारपूस केली न्हाई, की तोंड फिरवती."

बाग तिनं लावली तेव्हा लोक हसले होते. आमच्या भागातली निम्मी माणसं दिवाळी झाली की कोयता घेऊन ऊसतोडीला बाहेर पडतात, आणि कालव्याखाली जमीन असलेले बाकीचे ऊसच लावतात. द्राक्ष म्हणजे दवाखान्यात पेशंटला न्यायची वस्तू. आत्यानं ती उभी केली आणि वेलीला घड लागल्यावर पहिल्यांदा कुणाला बोलावलं असेल, तर कौसाला. कौसा आणि तिचा नवरा दरसाल कोयत्याला जायचे. आत्या तिच्या दारात जाऊन म्हणाली, "कौसे, यंदा कुटं जायचं न्हाई. माझ्या घडाची विरळणी कर, डहाळं बांध, शेंडं खुड. कामाला तोटा न्हाई." कौसा राहिली. पुढच्या वर्षी तिच्या दोन जावा राहिल्या. त्यांच्या पोरांची नावं शाळेच्या पटावर वर्षभर टिकली. आत्या याबद्दल कधी बोलायची नाही. बोलायची फक्त भुरीबद्दल.

आणि भुरीवर तिच्याकडे एक औषध होतं. पहिल्या वर्षी ते तिनं मारलं तेव्हा मी बांधावरून बघितलं होतं. सकाळी फवारलं आणि दोन-तीन दिवसांत पान असं धुतलेलं, की त्यात बघून दाढी करावी. आत्या त्या औषधावर इतकी खूश झाली, की खंडेनवमीला औजारांची पूजा मांडली त्यात पंप, कात्री, खुरपं आणि शेजारी ती बाटली. बाटलीला हळदकुंकू, वर झेंडूचं फूल.

पुढच्या वर्षी तिनं एक टोपण जास्त टाकलं. त्याच्या पुढच्या वर्षी दोन. मग महिन्याचं पंधरवड्यावर आलं, पंधरवड्याचं आठवड्यावर. भुरी दिसो न दिसो, आभाळ भरलं की पंप चालू. आम्हीही तेच करत होतो, फक्त एकमेकांना न सांगता. असं करता करता ते वर्ष उगवलं, ज्या वर्षी भुरी औषध पिऊन ढेकर द्यायला लागली. औषध वेलीवर पडायचं आणि भुरी आणखी टवटवीत व्हायची. आणखी एक वर्ष गेलं असतं तर तिनं मतदारयादीत नाव घातलं असतं.

जांभळ्या झाकणाच्या बाटलीनंही काही केलं नाही. आत्याचा सगळा माल तडकला. व्यापारी बांधावरूनच गाडी वळवून गेला.

त्या संध्याकाळी मामा बोलले. मी तिथंच चहा पीत होतो, म्हणून मी साक्षीदार. बशी खाली ठेवून म्हणाले, "एक वर्स बघू. न्हाई जमलं तर ऊस लावू. पाव्हण्याला बेणं सांगून ठेवतो."

आत्या काहीच बोलली नाही. मी घाबरलो. चहा टाकून घरी आलो.

त्याच उन्हाळ्यात आत्यानं कृषी विज्ञान केंद्रातल्या एका बाईंना गाठून बागेत आणलं. कोमल मॅडम. चष्मा, पाठीवर पिशवी, आवाज इतका बारीक की आत्याच्या शेजारी उभ्या राहिल्या तर त्यांचे नुसते ओठ हललेले दिसायचे. त्यांनी सातही बागांतली भुरीची पानं पिशव्यांत भरून नेली, तपासली आणि परत आल्या. लिंबाखाली आम्ही सगळे जमलो. त्यांनी एकच प्रश्न विचारला, "तुम्ही काय काय फवारलंत?"

प्रत्येकजण दुसऱ्याकडे बघत होता. आमच्यातले मोठे बागाईतदार लक्ष्मणराव, जीपवाले, ग्रामपंचायत खिशात घेऊन फिरणारे, ते तर चक्क आभाळ बघायला लागले. "तसं काय विशेष न्हाई मॅडम. वरवरचंच."

आत्या उठली. गोठ्याकडं गेली. कडब्याची गंजी उपसल्याचा आवाज आला. परत आली ती डोक्यावर पाटी घेऊन, आणि सगळ्यांच्या मधोमध तिनं ती उपडी केली. बाटल्या, डबे, पुड्या. निळी झाकणं, पिवळी, तांबडी, जांभळी. काहींची लेबलं खरवडलेली, काहींची तशीच.

"हे घ्या," ती म्हणाली. "इज्जतच काढायची तर पैली माझी काढा."

मग कोण थांबतो? अर्ध्या तासात लिंबाखाली बाटल्यांचा उकिरडा झाला. मॅडम खाली बसल्या आणि एकेक बाटली उचलून लहान अक्षरं वाचायला लागल्या. ही इकडे, ही इकडे, हीपण इकडे. एका बाजूला ढीग झाला, दुसऱ्या बाजूला दोनच डबे.

"नावं वेगळी आहेत, कंपन्या वेगळ्या आहेत," मॅडम म्हणाल्या, "पण हा सगळा ढीग एकाच भावकीतला आहे. भुरीला मारायची सगळ्यांची तऱ्हा एकच. तुम्ही औषध बदलत नव्हता. बाटली बदलत होता."

"मंग पैल्यांदा कावून लागू पडलं?" लक्ष्मणरावांनी विचारलं.

"कारण तेव्हा बहुतेक भुरी त्यानं मरणारी होती. पण थोडी अशी होती जी मरत नव्हती. तुम्ही मरणारी मारलीत. न मरणारी मागे उरली. तिचीच पिलावळ वाढली. पुन्हा तेच मारलंत, पुन्हा तीच उरली."

आत्याचा हात हळूहळू कपाळाला गेला. ज्वारीच्या खळ्यावर टपोरं कणीस दिसलं की ते बियाण्यासाठी बाजूला ठेवायचं, हे तिनं लहानपणापासून केलेलं.

"माय माय माय! म्हंजी मीच बियाणं धरलं व्हय भुरीचं! निवडून निवडून, टपोरं टपोरं!"

"सगळ्यांनी मिळून," मॅडम म्हणाल्या.

पुढचा उपाय ऐकायला अगदी सोपा होता. ती सगळी भावकी यंदा बंद. गंधक मारायचं. आपल्या आज्या-पणज्यांच्या काळातलं पिवळं गंधक, त्याला भुरी आजवर सरावलेली नाही. घडाभोवतीची पानं काढून ऊन-वारा आत सोडायचा. अगदीच गरज पडली तर दुसऱ्या भावकीतलं औषध, तेही मॅडमना विचारून, एखाद्याच वेळी. पण हे सातही बागांत व्हायला हवं. एकानं जरी गुपचूप जुनं मारलं, तर त्याच्या बागेत पुन्हा तेच बियाणं तयार होणार आणि वाऱ्यावर सगळीकडे जाणार. "भुरीला बांध दिसत नाही," मॅडम म्हणाल्या.

सगळ्यांनी माना डोलावल्या. मॅडमची गाडी वळणावर दिसेनाशी झाली आणि लक्ष्मणराव माझ्या कानाशी लागले, "आपुन न्हाई मारणार रे. पर त्यो पलीकडचा मारणार, लिहून घे." पलीकडच्याकडे गेलो तर तो म्हणाला, "लक्ष्मणराव मारणार. मंग मी कावून माझी बाग जाळू बे?" दोन दिवसांत सात घरांत सहा माणसांवर संशय, असा हिशोब बसला. म्हणजे सगळे मारणार.

आता इथं आत्याची अक्कल बघा. दुसरं कुणी असतं तर बैठक घेतली असती, ठराव केला असता. आत्यानं दसऱ्याच्या अलीकडे सातही घरच्या कर्त्यांना लक्ष्मणरावांच्याच जीपमध्ये कोंबलं आणि नारायणगडावर नेलं. जीपमध्ये इतकी गर्दी होती, की ज्याचा पाय खाजला त्यानं दुसऱ्याचाच खाजवला. कशाला जायचंय हे कुणालाच सांगितलं नव्हतं. दर्शन झालं. प्रसाद झाला. मग आत्या पायरीवर उभी राहिली आणि तिनं तिचा खालचा आवाज काढला, जो फक्त अर्ध्या गडाला ऐकू जायचा.

"देवाच्या दारात मानूस आवडीची वस्तू सोडतो. माझ्या आईनं वांगं सोडलं, मरंस्तवर खाल्लं न्हाई. मी आज औषद सोडते. त्या भावकीतलं एक बी थेंब माझ्या बागंत पडणार न्हाई. आता तुमी."

सगळे पायांकडे बघायला लागले. लक्ष्मणराव पुढे झाले, घसा साफ केला. "आत्या, मी तंबाखू सोडतो. देवाशपथ, आत्ताच्या आत्ता. औषद तेवढं राहू द्या."

"तंबाखू खा की, मर!" आत्या म्हणाली. "तुझ्या तंबाखूनं माझ्या घडाला काय हुतंय? औषद सोड!"

लक्ष्मणरावांनी अख्ख्या जिल्ह्यात वजन असलेला माणूस म्हणून नाव कमावलंय. त्यांनी माझ्यादेखत डोळे मिटून, कानाच्या पाळ्या धरून औषध सोडलं. त्यांच्यामागं बाकीच्यांनी. एकाची तर सोडताना पापणी ओली झाली. त्या बाटलीनं त्याला बरे दिवस दाखवले होते बिचाऱ्याला.

ऑक्टोबरची छाटणी झाली. फूट निघाली. घड दिसले. आणि मग डिसेंबरात आभाळ आलं. येऊन जाणारं नव्हे, गोधडी पांघरून झोपणारं. ऊन पडेचना. तिसऱ्या-चौथ्या दिवशी आत्याच्या पश्चिमेच्या ओळीत पानांवर पांढरे ठिपके आले.

मामा ओळीच्या टोकाला उभे राहून बघत होते. पाव्हण्याकडचं बेणं तयार होतं हे सगळ्यांना ठाऊक होतं.

सकाळी सकाळी लक्ष्मणराव मोटारसायकलवर आले, काखेत पिशवी. पिशवीत काय आहे ते झाकणाच्या आकारावरून कळत होतं. "आत्या, एकच हात मारू. माझ्या बी बागंत दिसाया लागलीय. देवाला काय कळतंय वो? देव गडावर हाय."

आत्यानं पिशवीकडे बघितलं. त्या बाटलीवर तिचा केवढा जीव होता हे मला माहीत होतं. तिची बाग, मामांचा ऊस, कौसाच्या हातात परत जाणारा कोयता, सगळं त्या पिशवीभोवती उभं होतं.

"देवाला न्हाई कळणार रं," ती सावकाश म्हणाली. "भुरीला कळंल."

मग ती अशी ओरडली, की माझ्या डोक्यावरची टोपी हलली. हे मी वाढवून सांगत नाही. वारा नव्हता त्या दिवशी.

"कौसेऽऽ! पोरींनोऽऽ! समद्या या गं! आज हिच्या अंगावरलं लुगडं काढू!"

'लुगडं' म्हणजे पानं. कौसा आली, तिच्या जावा आल्या, लक्ष्मणरावांच्या घरच्या बायका आल्या, आणि बांधाबांधाची भांडणं असलेली घरंसुद्धा आली, कारण आत्यानं सावड लावून दिली होती. आज माझ्यात, उद्या तुझ्यात, परवा त्याच्यात. घडाभोवतीचं पान न् पान काढलं. ठिपक्यांची पानं पोत्यात भरून बाहेर नेऊन जाळली. मागोमाग गंधक. आठवडाभर आमच्या शिवाराला असा वास होता, की जणू दिवाळी संपून गेली हे कुणी फटाक्यांना कळवलंच नाही. लक्ष्मणरावही शर्ट काढून पानं खुडत होते. त्यांची पिशवी लिंबाला टांगलेली, तशीच. दुपारी आत्यानं ती काढून त्यांच्या हातात दिली. "घरी ने, आन् गणपतशेठला परत दे. त्याला बी जरा कळू दे."

लक्ष्मणराव नेत होते तोवर एका बाईनं त्यांना हसून विचारलं, "काय सरकार, तंबाखू खाता का आता?"

"खातो," ते म्हणाले. "देवाच्या नि आत्याच्या परवानगीनं."

आभाळ फाकलं. ऊन आलं, आणि उघड्या पडलेल्या घडांवर थेट पडलं. ठिपके थांबले. संपले नाहीत, थांबले. कुठे कुठे एखादा घड गेला. आत्या तो कापायची आणि भांड्यात टाकताना भुरीला म्हणायची, "हा तुझा. बाकीचा माझा."

फेब्रुवारीत व्यापारी आला, गेल्या वर्षी बांधावरून वळला होता तोच. या वेळी आत शिरला. घड उन्हाला धरला, अंगठ्यानं मणी पुसला, एक तोंडात टाकला, चघळला, साल थुंकली. आत्या त्याच्या जबड्याकडे बघत होती.

"माल चालंल," तो म्हणाला.

"चालंल? आरं पळंल! तुझ्या गाडीच्या म्होरं पळंल माझा माल!"

काढणी सुरू झाली. बायका क्रेट भरत होत्या. कौसा घड उचलून कागदात ठेवत होती, तान्ह्या पोराला पाळण्यात ठेवावं तसा. तेवढ्यात मॅडमचा फोन आला. आत्यानं फोन हातभर लांब धरला आणि आवाज मोठा केला, जणू तिच्या आवाजाला त्याची गरज होती. मॅडम म्हणाल्या, सातही बागांतली पानं पुन्हा तपासली. औषधाला न जुमानणारी भुरी गेल्या वर्षीपेक्षा कमी झाली आहे. गेलेली नाही. पुढच्या वर्षीही ती भावकी बंदच ठेवायची, गंधक आणि पानं काढणं चालू ठेवायचं, मग बघू. आत्यानं त्यातलं 'कमी झाली आहे' एवढंच ऐकलं आणि फोन तसाच चालू ठेवून नाचायला लागली. पातळावर शर्ट, डोक्याला टापर, कमरेची कात्री खळखळतेय, हातात फोन आणि फोनमधून मॅडम "हॅलो, हॅलो" करतायत.

हल्ली मी बीडला राहतो, शेत भावाकडे असतं. आत्या आठवली की मला ती तशीच दिसते.

नाचता नाचता ती एकदम थांबली. मामा पलीकडच्या टोकाला पाठमोरे उभे होते, तारेला हात लावून. आत्यानं दोन्ही हात तोंडाशी नेले आणि अख्ख्या बागेवरून हाक फेकली.

"ओऽऽ! ऐकलं का? आता बोला की! बाग ठिवायची का मोडायची?"

बायकांचे हात थांबले. कौसा घड धरून तशीच उभी राहिली. मामा वळले नाहीत. तारेवरून हात फिरवत दोन पावलं पुढे गेले, खाली वाकले, काहीतरी न्याहाळलं.

"हिकडचे मांडवाचे दोन लोखंडी अँगल वाकलेत," ते म्हणाले. "एप्रिल छाटणीच्या आधी सरळ करून घ्यावं लागतील."